चौथ्या पायाखालचा पाठकोरा

मित्रांनो, ज्याच्यावर घरातल्या प्रत्येकाला उभं राहायचं असतं, पण ज्याच्याकडे कुणालाच बघायचं नसतं, असा मी एक जुना स्टूल आहे. व्याकरणात मला ‘ते स्टूल’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं माणसांचं ओझं पेलल्यावर ‘ते’ म्हणवून घ्यायला मन तयार होत नाही. म्हणून मी स्वतःला ‘तो’ म्हणतो. तुम्ही तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. एका मोठ्या दाराच्या फळ्या उरल्या होत्या, त्यांतून त्याने मला घडवलं. म्हणजे माझा थोरला भाऊ कुठल्यातरी घराचं दार आहे. लोक त्याच्यावर टकटक करतात, त्याला तेलपाणी करतात, पाहुणे आले की आधी त्याच्याकडे बघतात. माझ्यावर लोक सरळ पाय देतात. एकाच लाकडाचे आम्ही दोघे, पण नशीब ज्याचं त्याचं. तरी सुताराने माझ्यात काही कमी ठेवलं नव्हतं. बैठक रुंद, पाय चांगले जाड आणि उंची मोठ्या माणसाच्या कमरेइतकी. मला दुकानाच्या फरशीवर ठेवून त्याने हाताने हलवून पाहिलं आणि तो म्हणाला, “हा काही हलायचा नाही.”

आणि खरंच, मी हलत नव्हतो. हलत होती ती या घराची मधली खोली. या खोलीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती आहे. तिथे मला ठेवलं की मी जरासा डुगडुगायचो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असं म्हणून लोक हसतात. पण मित्रांनो, कधीकधी अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि तेव्हाही बोलणी नाचणाऱ्यालाच खावी लागतात. घरातल्या बाबांनी एका सुट्टीच्या दिवशी करवत आणली आणि माझा एक पाय किंचित कापला. मग तो कमी झाला म्हणून दुसरा कापला. मग तिसरा, मग चौथा. शेवटी हात टेकून त्यांनी करवत ठेवली, तेव्हा माझा चौथा पाय बोटभर आखूड झाला होता आणि मी जगातल्या कुठल्याही फरशीवर डुगडुगायला मोकळा झालो होतो. त्या दिवसापासून घरात माझं नाव ‘डुगडुग्या’ पडलं.

घरात माणसं तीनच. बाबा छापखान्यात खिळे जुळवतात. खिळे म्हणजे शिशाची छोटी छोटी अक्षरं. ती उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. एकेक उचलून ओळ लावायची, मग शाई लावून दाबली की कागदावर सुलटी उमटतात. वीस वर्षं हे काम केल्यामुळे बाबांना उलटं वाचायला सुलट्याइतकंच सोपं जातं. शिवाय लिहिलेलं काहीही समोर आलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पुडीचा कागद असो, औषधाच्या बाटलीची चिठ्ठी असो की दुसऱ्याचं पत्र असो, बाबांची नजर पडली की ते वाचून झालंच, आणि त्यात एखादी चूकही काढून झाली.

आई दवाखान्यात औषधं देते. डॉक्टरांनी कागदावर काढलेल्या रेघोट्या वाचून ती नेमकी गोळी काढते, म्हणून सगळी गल्ली तिला मानते. आणि त्या दोघांची दहा वर्षांची मुलगी. ती एका जागी ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. माझ्यावर सगळ्यांत जास्त वेळा चढणारी तीच आणि सगळ्यांत जास्त वेळा पडणारीही तीच.

या घराचा एक नियम आहे आणि पुढचं सगळं रामायण त्याच नियमामुळे घडलं, म्हणून तो नीट ऐका. छापखान्यातून बाबा एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे असे वाया गेलेले कागद आणतात. त्यांना आपण पाठकोरे म्हणतो. मधल्या खोलीतल्या टेबलावर त्यांची थप्पी असते. कोरी बाजू वर. सामानाची यादी, भिंगरीची गणितं, निरोपाच्या चिठ्ठ्या, सगळं त्यांच्यावर. नियम असा, की टेबलावर कोरी बाजू वर करून ठेवलेला कागद कुणीही, कशालाही घ्यावा. विचारायची गरज नाही.

आता त्या आठवड्याकडे वळतो.

उन्हाळ्याची सुट्टी होती. दुपारी रस्ता असा ओस पडायचा, की सायकलची घंटा वाजली तरी भिंगरी खिडकीत धावायची. दूध नासायचं, लोणी वितळायचं आणि पंखा गरम हवा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेऊन टाकायचा. मुंग्यांची एक रांग खिडकीतून आत येऊन कपाटामागे जात होती आणि ती नेमकी जाते कुठे, हे शोधण्यात भिंगरीचे दोन दिवस गेले होते. एरवी असे शोध ती एकटी लावत नसे. तिची जिवलग मैत्रीण होती, बटण. अंगाने एवढीशी आणि चेहरा गोल, म्हणून बटण. पण पंधरा दिवसांपूर्वी बटणच्या वडिलांची बदली झाली आणि सामान भरलेल्या ट्रकमध्ये बसून बटण दूरच्या गावी निघून गेली.

जाण्याआधी दोघींनी एक गुप्त लिपी तयार केली होती. प्रत्येक अक्षराला एक खूण. ‘क’ साठी छत्री, ‘म’ साठी मांजराचे कान, असं काहीबाही. सगळ्या खुणा बटणने निळ्या शाईने एका कोऱ्या कागदावर सुबक लिहून भिंगरीला दिल्या होत्या आणि तशीच एक प्रत स्वतःजवळ ठेवली होती. पाठ करायला मात्र वेळ मिळाला नाही. भिंगरीला जेमतेम सात-आठ खुणा येत होत्या. रोज थोड्या पाठ करायच्या म्हणून रविवारी संध्याकाळी ती टेबलापाशी बसली, एवढ्यात बाबा खोलीत आले. गुपित बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून तिने झटकन तो कागद पालथा केला. लिहिलेली बाजू खाली, कोरी बाजू वर. आणि मग आईने जेवायला हाक मारली.

तुमच्या लक्षात आलंच असेल.

सोमवारी सकाळी मधल्या खोलीतला बल्ब गेला. या खोलीला खिडकी आहे ती नावाला, कारण तिच्यासमोर शेजारची भिंत उभी आहे. बल्ब नसला की भर दिवसा तिथे अंधार. नवा बल्ब घेऊन बाबा माझ्यावर चढले आणि मी डुगडुगलो. बाबांनी पडता पडता कपाट धरलं, बल्ब मात्र खाली पडून फुटला. स्वयंपाकघरातून आई आली. काचा गोळा करता करता ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आता आणखी एकदा याने कुणाला पाडलं, की हे गच्चीवर जाणार.”

गच्चीवर काय आहे, ते मी सांगतो. मोडका पंखा, गळकी बादली आणि एक खुर्ची, जिला आता बैठकच नाही. वर गेलेलं खाली आलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

बाबांना माझी कणव आली असावी, किंवा दुसरा बल्ब फोडायची त्यांची इच्छा नसावी. अंधारातच हात लांबवून त्यांनी टेबलावरचा सगळ्यांत वरचा पाठकोरा उचलला. त्याच्या घड्या केल्या. छापील शाईचे डाग फरशीला पडू नयेत म्हणून ते नेहमी कोरी बाजू बाहेर ठेवून घडी घालतात, तशीच घातली. ती जाड घडी माझ्या चौथ्या पायाखाली बसवली आणि मोजा घालावा तशी सुतळीने घट्ट बांधून टाकली. मग ते माझ्यावर चढले आणि मी हललो नाही. करवतीच्या त्या सुट्टीनंतर पहिल्यांदाच मी चार पायांवर ताठ उभा होतो.

मित्रांनो, तो आनंद मला सांगता येणार नाही. ज्याने कधी लंगडत चालून पाहिलं असेल, त्यालाच तो कळेल. बाबांनी नवा बल्ब लावला, आई येऊन मला हाताने हलवून गेली आणि म्हणाली, “बरं झालं, शहाणं झालं.” त्या दिवशी मला कुणी डुगडुग्या म्हटलं नाही.

मंगळवारी दुपारी पोस्टमन आला. पाकिटावर भिंगरीचं नाव होतं. तिच्या नावाने आलेलं आयुष्यातलं पहिलं पत्र. ती ते घेऊन मधल्या खोलीत धावत आली, माझ्यावर बसली आणि पाकीट उघडलं. आत पानभर छत्र्या, मांजराचे कान, शिड्या, मासे, चांदण्या. खाली बटणची सही. तिच्या नावातली तीन अक्षरं भिंगरीला वाचता आली. वरचं काहीच नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूला मात्र साध्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘शनिवारपर्यंत वाच. नाहीतर फार उशीर होईल.’

भिंगरी हसत हसत टेबलाकडे वळली. तिने थप्पीतला वरचा कागद उलटला. तिथे कुठल्यातरी सभेची जाहिरात होती. दुसरा उलटला, तिसरा उलटला. मग तिचं हसू मावळलं आणि तिने सगळी थप्पी जमिनीवर पसरली.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. ती जे शोधत होती, त्यावर मी उभा होतो.

खरं सांगू का? मला पहिल्यांदा भीती वाटली ती माझीच. कागद सापडला, की मी पुन्हा लंगडा होणार आणि गच्चीचा जिना काही लांब नाही. सापडेल दुसरीकडे कुठे, असं मी स्वतःला समजावलं. दुसरीकडे कुठे सापडणार, हे मला चांगलं माहीत होतं. तरीही समजावलं. लाकूड झालं म्हणून काय, स्वार्थ कुणाला सुटला आहे?

बुधवारी सगळं घर शोधाला लागलं. गंमत अशी, की या शोधात माझ्याइतका उपयोग कुणाचाच झाला नाही. कपाटावर बघायचं, आणा स्टूल. फळीवरचे डबे उतरवायचे, आणा स्टूल. भिंगरी मला या खोलीतून त्या खोलीत ओढत होती आणि तिचा कागद माझ्या पायाला बांधून घरभर तिच्याबरोबर फिरत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो असा. शोधता शोधता घरात हरवलेल्या सतरा वस्तू सापडल्या. आईची कात्री सापडली, बाबांचा जुना चष्मा सापडला. मुंग्यांच्या रांगेचा शेवटही सापडला, कपाटामागे पडलेल्या एका लिमलेटच्या गोळीपाशी. एरवी या शोधावर भिंगरी दोन दिवस बोलली असती. त्या दिवशी तिने नुसतं बघितलं आणि कपाट पुन्हा भिंतीला लावलं.

बाबांनी मात्र तोंडाचा पट्टा सोडला होता. माझ्यावर उभे राहून, वरच्या फळीवर हात फिरवत, ते तिला समजावत होते. वस्तू जागच्या जागी ठेवली की हरवत नाही. छापखान्यात त्यांनी एक खिळा चुकीच्या खणात टाकला तर काय अनर्थ होईल, तो त्यांनी दोन उदाहरणं देऊन सांगितला. “आपण कुठे काय ठेवतो, याकडे माणसाचं लक्ष पाहिजे,” असं ते म्हणाले, तेव्हा त्यांचा डावा पाय बरोबर त्या कागदाच्या वर होता.

मला हसावं की रडावं, कळेना.

मग पत्रच वाचून बघायचं ठरलं. आईने ते हातात घेतलं. डॉक्टरांचं वाचते तर हे काय अवघड, असं तिला वाटलं असणार. तिने ते जवळ धरलं, लांब धरलं आणि कबूल केलं, की डॉक्टर बरे. बाबांनी संध्याकाळभर डोकं लावलं. दोन मासे वेगवेगळे काढलेत, त्यातला एक चुकलाय, एवढी चूक त्यांना सापडली. बटणला पत्र पाठवून विचारावं, तर तिचा नवा पत्ता त्याच पत्रात लिपीत लिहिलेला. तिच्या जुन्या घरी आता दुसरं कुटुंब राहायला आलं होतं आणि त्यांना काही माहीत नव्हतं. बटणच्या नव्या घरी अजून टेलिफोन लागला नव्हता. सगळ्या वाटा बंद.

गुरुवारी दुपारी वीज गेली आणि नळही कोरडा पडला. आई दवाखान्यात, बाबा छापखान्यात. भिंगरी माझ्यावर बसून होती, पत्र मांडीवर. तिने येत होत्या त्या सात-आठ अक्षरांच्या जागा भरून पाहिल्या. ‘म’ आला, ‘ब’ आला, मधे नुसत्या चांदण्या. मग तिने पत्र घडी करून ठेवलं आणि आई आल्यावर म्हणाली, “तिला वाटेल, मी पाठच केली नाही. तिला वाटेल, ती गेली आणि मी विसरले.”

आईने तिच्या केसांतून हात फिरवला आणि सांगितलं, की बटण असं कधीच समजणार नाही.

“मी असते तर समजले असते,” भिंगरी म्हणाली.

ती एवढ्या शांतपणे बोलली, की माझे सांधे आतून दुखले. इतकी वर्षं ही पोर माझ्यावर चढत आली. तिला वाढताना मी तळव्यांच्या वजनावरून ओळखलं आहे. आणि मी माझ्या एका पायाच्या सुखासाठी तिचं गुपित दाबून बसलो होतो. त्या क्षणी मी ठरवलं, गच्ची तर गच्ची. पण ठरवून स्टुलाला करता काय येतं? मी डुगडुगून दाखवलं असतं, पण तो कागद मला डुगडुगू देत नव्हता. सुतळी घट्ट होती. मला तोंड नव्हतं.

पण घरात माणसांच्या चुका असतात आणि कधीकधी एक चूक दुसरीला निस्तरते. पाणी गेलं होतं, तेव्हा कुणीतरी नळ उघडून पाहिला होता आणि तसाच ठेवला होता. तो कुणी ठेवला, यावर घरात अजून एकमत नाही. शुक्रवारी दुपारी आई लवकर घरी आली होती. बाबांना छापखान्यात अर्धी सुट्टी होती. उन्हाने सगळेच आडवे झाले होते. तेवढ्यात नळाला पाणी आलं. बादली भरली, वाहिली, मोरी तुंबली आणि पाणी उंबरा ओलांडून मधल्या खोलीत शिरलं. मी आधी सांगितलं ना, या खोलीची फरशी उतरती आहे म्हणून? उतार माझ्याच कोपऱ्याकडे. ज्या वाकड्या अंगणाने मला लंगडा केलं, त्याच अंगणाने पाणी माझ्या पायाशी आणून पोचवलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की कागदावर निळी शाई आहे. सापडण्याआधीच सगळं धुऊन गेलं तर? पाणी घडीत शिरत होतं, ते मला पायाला कळत होतं. तेवढा वेळ मला त्या सबंध आठवड्यापेक्षा मोठा वाटला.

आईचा पाय पाण्यात पडला आणि ती ओरडली. मग धावपळ. बाबांनी नळ बंद केला, भिंगरीने पायपुसणी टाकली, आईने मला उचलून कोरड्या जागी ठेवलं आणि माझ्या पायाचा तो भिजलेला मोजा बघून सुतळी सोडली. “हे टाकून द्या आता,” असं म्हणत तिने ती ओली घडी बाबांच्या हातात दिली.

बाबांनी आयुष्यात कागद म्हणून टाकलेला नाही. वाळवून पुन्हा वापरू, म्हणून त्यांनी घडी अलगद उलगडली आणि पुढच्या दारातल्या उन्हात, कोरी बाजू वर करून, पसरली. ओल्या कागदातून खालची शाई वर दिसत होती. फिकट, निळी आणि उलटी. दुसरा कुणी असता, तर त्याला नुसते डाग दिसले असते. पण बाबा आयुष्यभर उलटंच वाचत आले होते. ते ओणवे झाले आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले. “क, छत्री. ख, किल्ली. ग...”

तिथेच ते थांबले.

भिंगरी पायपुसणं टाकून दारात आली होती. कागद बाबांच्या पुढ्यात, सुतळी आईच्या हातात आणि मी मधे, एका पायाने आखूड. कुणालाच काही विचारावं लागलं नाही. बुधवारी माझ्यावर उभं राहून सांगितलेलं सगळं बाबांना शब्दन् शब्द आठवत असावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

“माझं चुकलं गं,” बाबा म्हणाले. “मी उलटून बघायला हवं होतं.”

भिंगरीने थोडा विचार केला. “मीच पालथा ठेवला होता,” ती म्हणाली. “तुम्ही वाचाल म्हणून.”

आई एवढं हसली, की तिला माझ्यावर बसावं लागलं, आणि मी डुगडुगलो तरी तिचं हसू थांबलं नाही.

कागद वाळला तेव्हा काही खुणा पसरल्या होत्या आणि पाच-सहा पुसल्याच गेल्या होत्या. शनिवारी सकाळी बाप-लेक टेबलाशी बसले. पुसलेल्या खुणा कोणत्या अक्षराच्या, हे बाबांनी कामाच्या अनुभवाने ताडलं. खिळ्यांच्या पेटीत ‘र’ आणि ‘त’ सगळ्यांत आधी संपतात, म्हणजे पत्रात सारखे सारखे येणारे शिडी आणि मासा हीच ती दोन अक्षरं असणार, असं त्यांचं गणित. ते बरोबर निघालं. एक अक्षर मात्र कागदावर अगदी जसंच्या तसं राहिलं होतं, त्याच्या खुणेला पाण्याचा थेंबही लागला नव्हता. ते होतं ‘ङ’. त्याच्यासमोर बटणने एक सुंदर शिंपला काढला होता. पत्रात तो शिंपला कुठेच नव्हता.

“ज्याची गरज नाही, तेच नेमकं राहिलं,” बाबा म्हणाले. छापखान्यातही ‘ङ’ चा खण वर्षानुवर्षं भरलेलाच असतो, कुणी हात लावत नाही, असं त्यांनी सांगितलं.

भिंगरी म्हणाली, की त्याची खूण काढायला नको, असं तिनेही बटणला सुचवलं होतं. पण बटण म्हणाली होती, सगळ्यांना दिली आणि त्याला नाही दिली, तर त्याला वाईट वाटेल.

दुपारपर्यंत पत्र वाचून झालं. भिंगरीने ते मोठ्याने वाचलं, बाबांसमोर, गुपित असूनही. वर नवा पत्ता होता आणि शेवटी हे:

“रविवारी सकाळी दहाच्या बसने आम्ही आत्याकडे जाणार आहोत. बस तुमच्या स्टँडवर पाच मिनिटं थांबते. मला खाली उतरू देणार नाहीत. मी पुढून तिसऱ्या खिडकीत बसेन. तू ये. नाही आलीस तर मी समजेन.”

काय समजेन, ते बटणने लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडलो. बसची खिडकी उंच आणि भिंगरी बुटकी, हे आईच्या लक्षात आलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “स्टूल न्या.” बाबांनी मला उलटा करून डोक्यावर घेतलं. गल्लीतली माणसं थांबून बघत होती. पाय आभाळाकडे, अशा थाटात मी सगळं गाव पाहिलं. ऊन मी म्हणत होतं, पण मला ते गोड लागलं.

दहाची बस दहाला आली, हे नवलच. पुढून तिसऱ्या खिडकीत गजांना धरून एक गोल चेहरा बसला होता. बाबांनी मला खिडकीखाली ठेवलं, भिंगरी चढली आणि मी एवढा डुगडुगलो, की तिने खिडकीचा गज पकडला म्हणून वाचली. खाली खडी, वर माझा आखूड पाय. बाबांनी खिसा चाचपला, एक पाठकोरा काढला, घडी घालायला घेतला आणि मधेच थांबून आधी उलटून पाहिला. मग माझ्या पायाखाली सरकवला. तो पुरला नाही. तेव्हा बाबा सरळ खडीत उकिडवे बसले आणि माझा चौथा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. लोक बघत होते, बस गुरगुरत होती आणि बाबांनी मान वर केली नाही. ती पाच मिनिटं मी हललो नाही. सुताराने दुकानात जे म्हटलं होतं, ते त्या दिवशी खरं झालं.

बटणने गजांतून हात बाहेर काढला, भिंगरीने तो धरला. मग बटणने विचारलं, “वाचता आलं तुला?”

“सगळं,” भिंगरी म्हणाली. “पण ‘ङ’ कुठेच नव्हता.”

“पुढच्या पत्रात घालते,” बटण म्हणाली आणि बस सुटली.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी छापखान्यातून एक लाकडी अक्षर आणलं. मोठ्या जाहिरातींसाठी वितीएवढी लाकडी अक्षरं असतात, त्या संचातला हा ‘ङ’. इतक्या वर्षांत त्याला शाईचा स्पर्शही झाला नव्हता. मालकांनी आनंदाने देऊन टाकला. बाबांनी तो कडेने तासून, कोरलेली बाजू खाली ठेवून, माझ्या चौथ्या पायाला ठोकला. या वेळी करवतीला हात लावायच्या आधी त्यांनी दोनदा मोजलं. तेव्हापासून मी ‘ङ’ वर उभा आहे आणि गच्चीचं नाव कुणी काढत नाही. आईने फरशी पुसली आणि मला ओल्यातून उचलून कोरड्यावर ठेवलं, की तिथे एक सुबक ‘ङ’ उमटतो. ज्या अक्षराला कुणी छापलं नाही, ते आमच्या घरात रोज छापलं जातं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. टाकून देण्याआधी, दुमडण्याआधी, गच्चीवर पाठवण्याआधी, हातातली वस्तू एकदा उलटून बघा. कागदही बघा आणि स्टूलही बघा. कोरी वाटणारी बाजू ही नुसती पाठ असते. आणि कुणी डुगडुगत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या पायाखालची फरशी सपाट आहे का, तेही बघा.

बटणचं दुसरं पत्र गेल्या आठवड्यात आलं. भिंगरीला आता सगळ्या खुणा पाठ आहेत. तिने माझ्यावर बसून पत्र उघडलं. चांदण्या, मासे, शिड्या आणि अगदी शेवटच्या ओळीत एक शिंपला. भिंगरी तिथे अडली, कारण तो शब्द तिला नवा होता. बाबांनी मान लांब केली, मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग भिंगरीनेच पत्र त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं.

बटणने लिहिलं होतं, ‘आपलं वाङ्मय जपून ठेव.’